खाडीपट्ट्याचा डावा कोपरा

मागच्या फेब्रुवारीत, एका रविवारी संध्याकाळी, शारजातल्या एका शाळेच्या मैदानावर खाडीपट्टा कबड्डी संघाचे पाठीराखे आपल्याच संघाविरुद्ध ओरडले. चुकून नव्हे, ठरवून. ओरडणाऱ्यांत मी होतो.

आता पुन्हा नोव्हेंबर आहे. आम्ही राहतो त्या शारजाच्या हमरिया बंदरात हिवाळा आधी कानाला कळतो. उन्हाळाभर खोलीतला एसी घरघरत असतो आणि त्या घरघरीखाली बाकीचे आवाज दबून राहतात. मग एका पहाटे कुणीतरी उठून तो बंद करतो, आणि बंदरातल्या मागे येणाऱ्या ट्रेलरची पिपाणी, शेजारच्या खोलीतला खोकला, जिन्यावरच्या सेफ्टी शूजची धपधप, सगळं एकदम आत येतं. गाड्यांच्या काचांवर दव असतं. फ्री झोनच्या गेटकडे जाणाऱ्या बसमध्ये माणसं खिडक्या उघडून बसतात. उघड्यावर खेळता येईल अशी हवा इथे वर्षातले मोजके महिने असते. तेवढाच आमचा मोसम.

काल हसनचाचांच्या गोदामाचं शटर उघडलं तेव्हा पहिल्यांदा वास आला. रबराचा, धुळीचा आणि त्यात मुरलेल्या बामचा. चाचा मूळचे श्रीवर्धनचे. हमरियाच्या बाहेर त्यांचं कामगारांच्या कपड्यांचं दुकान आहे: कव्हरऑल, हातमोजे, सेफ्टी शूज. दुकानामागच्या गोदामात खाडीपट्ट्याची मॅट असते. मॅट म्हणजे एकमेकांत दात अडकवून बसवायचे रबरी चौकोन. घरच्या सामन्यांना आमची मॅट लागते, आणि ती खेळाडूंनी नव्हे, पाठीराख्यांनी अंथरायची असा आमच्याकडे रिवाज आहे. कुणी घालून दिला ते मला माहीत नाही. मी या देशात आलो तेव्हा तो चालू होता.

अंथरून झाली की कुणी लगेच पाय ठेवत नाही. आधी कर्णधार अनवाणी जातो, आपल्या जागेवर उभा राहतो आणि पायाच्या अंगठ्याने मॅट तीनदा दाबतो. सांधा उकलत नाही ना, हे बघायचं असतं. त्यानंतर बाकीचे. कित्येक मोसम हे काम सुभाषचं होतं आणि त्याची जागा डावा कोपरा होती.

सुभाष गुहागरकडचा, हमरियातल्या एका यार्डात वेल्डर. कबड्डीत डावा कोपरा सांभाळणं हे बहुतेक वेळ काहीच न करण्याचं काम आहे. समोरून चढाई करणारा येतो, हूल देतो, हात फेकतो, आणि कोपऱ्यातल्याने जागचं न हलता त्याच्या पायाकडे बघत राहायचं. पाय आत आला की खाली जाऊन पट काढायचा, म्हणजे घोटा धरून त्याला जागेवर खिळवायचं. धरला तर धरला. चुकलं तर तोंडावर पडून बाद. सुभाष बोलतोही तसाच. बराच वेळ काही नाही, मग एकदम एक वाक्य.

खाडीपट्टा हा रत्नागिरी आणि रायगडच्या खाडीकाठच्या गावांतून आलेल्या माणसांचा संघ. आधी कॅम्पमागच्या वाळूत खेळायचे, मग मॅटवर आले. काही मोसम त्यांनी इथली हिवाळी साखळी स्पर्धा गाजवली. त्यानंतर गुडघे गेले, काहीजण कायमचे गावी परतले, काहींच्या ड्युट्या बदलल्या, आणि संघ हरू लागला. हरण्याची आम्हाला सवय नव्हती असं नाही. पण आधी आपण हरलो की दुसऱ्याचा राग यायचा. आता आपल्याच माणसांचा येऊ लागला होता. तो राग घरी नेता येत नाही आणि मैदानावर टाकून येता येत नाही.

मागच्या मोसमाच्या सुरुवातीला नवे मॅनेजर आले. केदार सर. राहणार अबुधाबीला, खलिफा सिटीत. नोकरी मोठ्या हुद्द्याची. स्वतः कॉलेजात खेळलेले. शारजातल्या अल मजाज या श्रीमंत वस्तीतल्या एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर त्यांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि भिंतीवर स्लाइड्स दाखवल्या. एका स्लाइडवर खेळाडूंची वयं होती. त्याच्या पुढच्या स्लाइडवर एकच शब्द होता: रिबिल्डिंग.

"तीन वर्षांचा प्लॅन आहे," केदार सर म्हणाले. "पहिलं वर्ष पेनफुल असणार. ट्रस्ट द प्रोसेस. आणि एक गोष्ट मी सगळ्यांसमोर सांगतो. आपण शेवटच्या नंबरवर आलो तर मी स्वतः बाजूला होईन."

हे वाक्य ऐकल्याबरोबर बाळाने मान वर केली. बाळा क्रेन चालवतो आणि आमच्यात सगळ्यात तिखट जीभ त्याची. तो माझ्याकडे वाकून म्हणाला, "लिहून ठेव. पेपरवाला आहेस ना तू."

मी पेपरवाला होतो. रत्नागिरीत एका दैनिकात उपसंपादक होतो. आता इथे एका शिपिंग कंपनीत कागदपत्रं तपासतो. मी काही लिहून घेतलं नाही. त्या वाक्याला हॉटेलभर साक्षीदार होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ आली: केदार सरांनी सुभाषला ग्रुपमधून काढलं होतं. त्याच्याखाली पुढच्या सरावाची वेळ होती आणि त्याखाली अंगठ्यांची रांग. सुभाषला कुणी फोन केला नव्हता. तो यार्डात होता. संध्याकाळी त्याने मोबाइल बघितला आणि मला विचारलं, "तुझ्यातून ग्रुपवर मेसेज जातोय काय? माझ्यातून जात नाही."

यार्डातलं सुभाषचं वेल्डिंगचं खातं बंद होणार होतं. एप्रिलमध्ये तो कायमचा गावी जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्याला एवढंच हवं होतं की जाण्याआधी एक सामना डाव्या कोपऱ्यात उभं राहायचं. त्याने ते चारचौघांत कधी मागितलं नाही. मला एकदा म्हणाला होता, बसमध्ये, खिडकीकडे तोंड करून.

नव्या संघात बहुतेक अल मजाज आणि अबुधाबीकडची पोरं होती. इथेच वाढलेली, जिममध्ये जाणारी, महागडे बूट घालणारी. त्यांतला चढाईचा मुख्य गडी यश. वय एकोणीस, उंच, चपळ. आई मराठीत विचारायची, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. पहिल्याच सामन्यात त्याने पहिली चढाई केली आणि पकडला गेला. दुसरीही. मैदानाच्या कडेला असलेल्या पाठीराख्यांच्या तंबूतून बाळा ओरडला, "ए, रिबिल्डिंग चालू आहे, हेल्मेट घालून या रे!"

त्या मोसमातले रविवार आता आठवतात ते या ओरडण्यांनी. इथल्या कडक करक चहाचे कागदी कप, फ्लडलाइटभोवती फिरणारे किडे, दूर मशिदीतून येणारी अजान आणि तेवढ्यापुरता थांबलेला खेळ. मग पुन्हा शिट्टी आणि पुन्हा आमचा गडी बाद. आमच्या तंबूत बसणारे बहुतेक बांधकामातले. फिटर, रिगर, परांची बांधणारे स्कॅफोल्डर. रिबिल्डिंग या शब्दावर त्यांनी चार महिने काढले.

"मी सोळा मजली टॉवर बघितलाय उभा राहताना," एकजण म्हणायचा. "पाया खणायला एवढे दिवस नाही लागले."

"अरे जुना पिलर काढताना आधी जॅक लावतात. याने डायरेक्ट तोडला."

"बिल्डिंग नाही रे ती. पार्किंग आहे. कुणीही येतो, पॉइंट घेऊन जातो."

हसण्याखाली दुसरं काहीतरी साचत होतं. सामना हरून ही पोरं एकमेकांना टाळ्या देत बाहेर येत. केदार सर म्हणत, "गुड लर्निंग, बॉइज." सुभाष हरल्यावर डबा उघडत नसे. तो आता आमच्याबरोबर तंबूत बसायचा, मागच्या रांगेत, आणि त्याची नजर कायम चढाई करणाऱ्याच्या पायावर असायची. दुसऱ्या कुठल्याही संघाचे पाठीराखे असते तर घरी बसले असते. आम्ही दर रविवारी जात राहिलो. नोकरी सोडता येते, देशही सोडता येतो. या तंबूतून उठून दुसऱ्या तंबूत बसणं मात्र कुणाला जमलं नाही.

बदला घ्यायचा हे कुणी एकाने सुचवलं नाही. आधी आम्ही मॅट अंथरली नाही. जानेवारीतल्या एका रविवारी चाचांनी गोदाम उघडून दिलं, मॅट टेम्पोत चढवू दिली, आणि मैदानावर आम्ही सगळे खुर्च्यांवर हात बांधून बसलो. पोरांनी ती स्वतः लावायला घेतली. सुरुवात मधून करायची हे त्यांना माहीत नव्हतं. ती कडेने लावत आली आणि शेवटी मधे एक लांबलचक फट राहिली. सगळं उचकटून पुन्हा. पंच घड्याळ बघत होते. केदार सर आमच्याकडे चालत आले.

"चाचा, प्लीज. जरा हेल्प करा ना मुलांना."

चाचा चहा पीत होते. "प्रोसेस आहे, साहेब," ते म्हणाले. "पेनफुल असते."

तंबूत जो हशा उठला त्यात मीही होतो. त्या हशाची चव मला अजून आठवते. चांगली होती.

पण हशाने केदार सर जाणार नव्हते. शेवटच्या नंबरने जाणार होते. फेब्रुवारी आला तेव्हा घरचे दोन सामने उरले होते. दोन्ही जिंकले तर खाडीपट्टा कसाबसा टिकणार, एक जरी हरला तर तळाला. तळाच्या संघाला पुढच्या वर्षी स्पर्धेत जागा नाही. एका शुक्रवारी दुपारी, जुम्म्याची नमाज आटोपून दुकान उघडल्यावर, चाचांच्या काउंटरभोवती आम्ही जमलो. सुभाष नव्हता. त्याची शिफ्ट होती.

हिशेब चाचांनी मांडला. संघ तळाला, केदार खलास. मग कमिटी पुन्हा आपल्या माणसांची. मार्चमध्ये अजमानला निमंत्रितांची एक छोटी स्पर्धा असते. तिथे सुभाष कोपऱ्यात.

"पण तळाच्या टीमला अजमानवाले बोलावतील?" मी विचारलं.

"मी बोलतो. तिथले शेटजी आपलेच आहेत. इन्शाल्ला होऊन जाईल."

"आणि यश?" बाळा म्हणाला. "तो आता सुधारलाय जरा. एखादवेळेस जिंकून देईल कार्टा."

तेव्हा ती गोष्ट निघाली. यशची एक खोड होती आणि ती आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ होती, कारण चार महिने आम्ही तिच्यावरच चिडत होतो. बोनस रेषेपलीकडे पाय टाकून गुण घ्यायचा असला की तो क्षणभर आधी उजव्या हाताने चड्डीची कड खाली ओढायचा. हाताने गडी टिपायचा असला की ओढायचा नाही. समोरच्या संघांना हे अजून दिसलं नव्हतं. आम्ही दाखवणार होतो.

पहिला सामना कासरगोडच्या मल्याळी पोरांशी होता. संध्याकाळी वारा होता. यशची आई, विद्याताई, आमच्याच तंबूत पुढे बसली होती. ती शाळेत शिकवते, आणि चार महिन्यांत मुलाचा एकही सामना तिने चुकवला नव्हता. यशने चड्डीला हात लावला आणि चाचा उभे राहिले.

"पाय टाकतोय बघ! हात चड्डीला गेला! कोपऱ्या, पट काढ, पट!"

आम्ही सगळे उठलो. पुढच्या चढाईला पुन्हा. "हात गेला, हात गेला! पायावर बघ त्याच्या!" शंभरेक माणसांचा आवाज होता तो, चार महिने साठवलेला. दिवसभर आम्ही हिंदीत बोलतो. फोरमनशी, दुकानात, टॅक्सीत, एकमेकांशीही कधीकधी. पण कबड्डी आम्हाला दुसऱ्या कुठल्या भाषेत येतच नाही. तोंडातून निघाली ती मराठी, तीही खाडीकाठची.

मल्याळी पोरांनी आमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यांच्या लेखी तो यजमानांचा गोंगाट होता. मैदानावर त्या ओरडण्याचा अर्थ कळणारी माणसं एकाच बाजूला होती. चौथ्या की पाचव्या चढाईला यश मध्यरेषेवर थांबला, त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि तो हात पाठीमागे नेला. त्यानंतर सामना संपेपर्यंत तो हात चड्डीला लागला नाही. खाडीपट्टा जिंकला.

सामना संपल्यावर विद्याताई डबा घेऊन आमच्या रांगेत आली. तिचे डोळे भरले होते.

"मी सकाळी वड्या केल्या होत्या, हरला तर त्याला देईन म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही घ्या. इतकं मनापासून कुणी सांगत नाही हो आजकाल. सर त्याला नुसतं 'बॅक युवरसेल्फ' म्हणतात. चूक कुठे होते ते तुम्ही दाखवलंत."

चाचांनी ओल्या नारळाची वडी तोंडात टाकली. आम्हीही घेतल्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. ती पाठ वळवून गेल्यावर बाळा म्हणाला, "आपण बदला घेतला का क्लास?"

"चूप," चाचा म्हणाले. "पुढच्या वेळी हिंदी. एक अक्षर मराठी ज्याच्या तोंडून निघेल त्याला टेम्पोत बसू देणार नाही."

थांबावं असं त्या क्षणी कुणी म्हणालं नाही. मीही नाही. वड्यांनी आमचा राग कमी झाला नव्हता, वाढला होता. आता तो त्या पोरावरही होता, कारण त्याने आमचा राग वापरून सामना जिंकला होता.

शेवटचा सामना अजमानच्या हरयाणवी पोरांशी होता. ती हिंदी समजणार होती. आठवडाभर दुकानात तालीम चालली. चाचा काउंटरमागून विचारत, "हात चड्डीला?" आणि स्कॅफोल्डर, फिटर, गिऱ्हाइकाच्या पायात बूट घालून देणारा पोऱ्यासुद्धा एका सुरात म्हणत, "पैर डालेगा! कोना, टखना पकड़!" टखना म्हणजे घोटा. गिऱ्हाइकं घाबरून बघत.

सुभाषला कळलंच. बुधवारी तो हातमोजे घ्यायला आला तेव्हा बाळानेच त्याला सगळं सांगितलं, उत्साहाने, जणू वाढदिवसाची भेट उघडून दाखवतोय.

सुभाषने हातमोजे घालून बघितले, बोटं मिटली, उघडली.

"चाचा, टीम बाहेर गेली की कोपरापण बाहेर गेला," तो म्हणाला.

"तुझ्यासाठीच करतोय रे."

"माहितेय."

एवढंच. तो हातमोज्यांची जोडी घेऊन गेला. चाचा माझ्याकडे वळून म्हणाले, "साधा माणूस आहे. त्याला हे जमायचं नाही. आपल्याला करायला लागेल."

रविवारी आमचा तंबू आधीच भरला होता. मॅट आम्ही अंथरली. चाचांचं म्हणणं होतं की संशय यायला नको. नव्या कर्णधाराने बूट घातलेलेच होते. तो मॅटवरून धावत गेला आणि आला. तीनदा दाबणं वगैरे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सुभाष आला, पण मागच्या रांगेत न बसता तंबूच्या खांबाला टेकून उभा राहिला.

यशच्या पहिल्या दोन चढाया कोरड्या गेल्या. हात चड्डीपासून लांब. तिसऱ्या चढाईला तो डाव्या कोपऱ्याकडे सरकला, थांबला, आणि त्याने उजव्या हाताने चड्डीची कड ओढली. सावकाश. लांबून दिसेल अशी.

"पैर डालेगा!" अख्खा तंबू उठला. "कोना! टखना पकड़!"

हरयाणवी कोपरारक्षकाने ऐकलं. तो समजला आणि खाली झेपावला. पाय आलाच नाही. यशने त्याच्या उघड्या पडलेल्या खांद्यावर हात ठेवला, जवळजवळ हलकेच, आणि मागे वळून मध्यरेषा ओलांडली. पंचाने हात वर केला. गडी बाद.

आम्हाला वाटलं, योगायोग. पुढच्या वेळी पुन्हा हात चड्डीला, पुन्हा आम्ही ओरडलो, पुन्हा कोपरा खाली आणि यश वरून. उत्तरार्धात त्यांचा कोपरा आमच्यावर विश्वास ठेवेनासा झाला. आम्ही ओरडलो तरी तो उभाच राहिला. आणि त्या वेळी यशने खरंच पाय टाकला आणि बोनस घेतला. आमच्याकडे आता खरं सांगायलाही काही उरलं नव्हतं आणि खोटं सांगायलाही. चाचा ओरडायचे थांबले. बाळा एकटाच काही वेळ ओरडत राहिला, मग त्यालाही आपला आवाज ऐकू आला असावा. हरयाणवी संघावर लोण चढला, सगळेच्या सगळे गडी बाद, तेव्हा आमच्या तंबूत फक्त विद्याताई उभी होती.

खाडीपट्टा टिकला. केदार सर पोरांच्या खांद्यावर चढले. फोटो निघाले.

यश त्या फोटोत थांबला नाही. तो घामाने निथळत आमच्या तंबूकडे आला आणि बरोबर चाचांच्या खुर्चीसमोर उभा राहिला.

"थँक्स, अंकल," तो म्हणाला. "नेक्स्ट टाइम, अ बिट लाउडर."

मग तो मराठीत बोलला. त्याला मराठीत बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं. "पहिल्या मॅचलाच कळलं होतं मला. कासरगोडवाल्यांच्या वेळी तुम्ही माझ्यासाठी ओरडत नव्हता. आईला नाही सांगितलं. वड्या फुकट गेल्या असत्या."

चाचांच्या हातात कागदी कप होता, तो त्यांनी हळूहळू चुरगळला.

आम्ही टेम्पोने परत निघालो. मॅटचे चौकोन एकमेकांवर घसरत होते. हमरियाच्या वळणावर चाचा म्हणाले, "कोपरा खाली झुकला की खांदा उघडा पडतो. हे त्या पोराला कुणी सांगितलं?"

सगळ्यांच्या मनात एकच नाव होतं. मी बातमीच्या धंद्यात शिकलो ते असं की एका माणसाने सांगितलेलं छापायचं नाही. म्हणून जे कळलं तेवढंच सांगतो. गुरुवारी संध्याकाळी अल मजाजला, खालिद लगूनच्या काठच्या गवतावर, सुभाषला यशबरोबर पाहिल्याचं आमच्यातल्या एका टॅक्सीवाल्याने सांगितलं. सुभाष पुढे गुडघ्यात वाकलेला होता, यश त्याच्यासमोर, आणि शेजारी पोरं सायकली चालवत होती. दुसरा साक्षीदार मिळाला नाही. केदार सरांना विचारलं तर ते म्हणाले, "टॅक्टिकल होतं ते. आम्ही व्हिडिओ ॲनालिसिस केलं होतं." यशला विचारलं तर तो हसला. सुभाषला मी बसमध्ये विचारलं.

"तू शिकवलंस?"

तो खिडकीतून बघत म्हणाला, "पाय छान आहेत पोराचे."

याला कबुली म्हणता येत नाही.

मार्चमध्ये अजमानच्या स्पर्धेचं निमंत्रण खाडीपट्ट्याला आलं. केदार सरांनी संघ जाहीर केला. त्यात सुभाष नव्हता. तो सामन्याला आला, शेवटपर्यंत उभा राहिला आणि घरी जाताना चालत बसस्टॉपपर्यंत गेला, कारण चाचांनी त्याला टेम्पोत जागा दिली नाही. एप्रिलमध्ये त्याचं विमान होतं. मी आणि बाळा विमानतळावर गेलो. चाचा आले नाहीत. ते अजून त्याचं नाव घेत नाहीत. दुकानात त्याचा विषय निघाला की म्हणतात, "ज्याच्यासाठी केलं, त्यानेच." आणि पुढचं वाक्य पूर्ण करत नाहीत.

त्या फेब्रुवारीबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आताही वाटत नाही. केदार सरांचा राग गेलेला नाही. त्यांच्या तीन वर्षांतलं हे दुसरं वर्ष. उन्हाळ्यात ते एका स्लाइडवर आलेख घेऊन आले होते. तो वर जात होता. बाळा म्हणाला, आम्ही टॉवरच्या विसाव्या मजल्यावरून बघितलाय आलेख, खाली पडणाऱ्या हातोडीचापण असाच असतो, फक्त उलटा. आम्ही हसलो. यंदाही त्यांना तळाला बघायला मला आवडेल. कसं, ते मात्र कुणाला सुचलेलं नाही. आमच्याकडचं एकच हत्यार होतं आणि ते त्या पोराने आमच्या हातातून काढून घेतलं.

काल मॅट काढताना एक चौकोन बाकीच्यांपेक्षा गुळगुळीत झालेला दिसला. एका कडेचे दात झिजलेले. बाळाने तो उचलून चाचांना दाखवला. चाचांनी तो हातात घेतला, बघितला आणि ढिगात परत ठेवला, पण वर ठेवला. "यल्ला, उचला," म्हणाले. "उशीर होतोय."

मैदानावर आम्ही मॅट मधून लावायला घेतली. डाव्या कोपऱ्याचा तो झिजलेला चौकोन शेवटी बसला. केदार सर फोनवर होते. नवा कर्णधार बुटाच्या नाड्या बांधत होता. विद्याताई पहिल्या रांगेत येऊन बसली होती.

यश आला. त्याने बूट काढले, मोजे काढले, ते बुटांत खोचले. अनवाणी चालत तो डाव्या कोपऱ्यात गेला, जिथे चढाई करणाऱ्याचं काही काम नसतं, आणि पायाच्या अंगठ्याने मॅट तीनदा दाबली.